उन्हाचा चटका : समजुतीचा आणि उपचारांचा इतिहास

ऊन अंगाला भाजते ते त्याच्या उष्णतेने, ही समजूत 19व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत रूढ होती. लंडनचे शल्यविशारद सर एव्हरार्ड होम यांनी तिला तडा दिला. त्यांनी एक हात उघडा आणि दुसरा काळ्या कापडाने झाकून उन्हात धरला. काळे कापड जास्त तापले, तरी त्याखालचा हात शाबूत राहिला. फोड आले ते उघड्या हातावर. हे निरीक्षण 1821 मध्ये प्रसिद्ध झाले.

वर्णपटात जांभळ्या रंगापलीकडे अदृश्य किरण, म्हणजेच अतिनील किरण, असतात, हे योहान रिटर यांनी 1801 मध्येच जर्मनीत दाखवले होते. तेथे ठेवलेले सिल्व्हर क्लोराइड झपाट्याने काळे पडे. या किरणांचा त्वचेशी संबंध मात्र उशिरा जुळला. प्रखर विद्युत्प्रकाशाजवळ प्रयोग करणाऱ्यांची कातडी लाल झालेली पाहून फ्रेंच वैद्य शार्को यांनी 1858 मध्ये त्याचा दोष उष्णतेऐवजी या किरणांना दिला. 1889 मध्ये स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी तो प्रयोगाने सिद्ध केला. प्रकाशातील उष्णता पाण्याने शोषून घेतली तरी त्वचा लाल होई. अतिनील किरण अडवले की होत नसे. 1922 मध्ये हाउसर आणि वाले या जर्मन संशोधकांनी त्यांपैकी सर्वाधिक दाहक किरणांची तरंगलांबी 300 नॅनोमीटरच्या आसपास असल्याचे मोजून दाखवले.

गरम तव्याचा चटका तत्क्षणी जाणवतो. उन्हाचा काही तासांनी उमटतो आणि साधारण 12 ते 24 तासांत कळसाला पोहोचतो, याचा उलगडा यातूनच पुढे झाला. किरणांनी पेशींतील डीएनएला इजा होते आणि तिला प्रतिसाद म्हणून शरीर प्रोस्टाग्लँडिनसारखी दाहकारक द्रव्ये तयार करते. अ‍ॅस्पिरिन हीच द्रव्ये बनू देत नाही, हे जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवले. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी आराम पडतो तो त्यामुळेच.

या ज्ञानाच्या कसोटीवर घरगुती उपायांचीही निवड झाली. गार पाण्याची पट्टी, कोरफडीचा गर आणि कॅलामाइन आग शमवतात, म्हणून टिकले. लोणी-तूप उष्णता कोंडून ठेवते, तर बर्फ थेट लावल्यास दुखावलेल्या कातडीला आणखी इजा होते. म्हणून हे उपाय मागे पडले. फोड न फोडणे आणि भरपूर पाणी पिणे हेही उपचारातच मोडते. मोठ्या भागावर फोड आल्यास किंवा ताप, चक्कर असल्यास डॉक्टरांकडे जावे लागते. मराठीत ज्याला ‘ऊन लागणे’ म्हणतात, तो उष्माघात वेगळा आणि अधिक घातक असतो.