रक्तातील साखर कमी होणे

रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण शरीराच्या, विशेषतः मेंदूच्या, गरजेपेक्षा खाली जाण्याच्या अवस्थेला रक्तातील साखर कमी होणे असे म्हणतात. वैद्यकशास्त्रात तिला हायपोग्लायसेमिया अशी संज्ञा असून बोलीभाषेत ‘शुगर लो होणे’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या व्यक्तींमध्ये ही अवस्था सर्वाधिक आढळते. मधुमेह नसलेल्या व्यक्तींमध्ये ती तुलनेने विरळ आहे. हा स्वतंत्र रोग नसून निरनिराळ्या कारणांचा परिणाम आहे. आहार आणि दिनचर्या यांच्या साहाय्याने तिचे अनेक प्रसंग टाळता येतात. मात्र साखर उतरलेली असताना लागणारे अन्न आणि ती उतरू नये म्हणून घ्यावयाचे अन्न ही परस्परांहून भिन्न आहेत. या दोहोंची गल्लत झाल्यास उपाय निष्फळ ठरतो, प्रसंगी अपायकारकही होतो.

शरीरातील नियंत्रण

मेंदूला ऊर्जेसाठी मुख्यतः ग्लुकोजवर अवलंबून राहावे लागते. प्रौढ व्यक्तीचा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो, परंतु त्याचा साठा तो स्वतःजवळ फारसा करू शकत नाही. जेवणानंतर रक्तातील साखर वाढली की स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते आणि ग्लुकोज पेशींमध्ये शिरते. जादा ग्लुकोजचा काही भाग यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवला जातो. हा साठा साधारणतः १०० ग्रॅमच्या आसपास असतो. दोन जेवणांच्या मधल्या काळात साखर घसरू लागली की इन्सुलिनचे प्रमाण कमी होते आणि ग्लुकागॉन व अॅड्रेनॅलिन ही संप्रेरके यकृतातील साठा मोकळा करतात. उपवास लांबल्यास यकृत अमिनो आम्ले, लॅक्टेट व ग्लिसरॉल यांपासून नवे ग्लुकोज तयार करते. त्यामुळे निरोगी प्रौढ व्यक्तीची साखर एखाद्या दिवसाच्या उपवासाने सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही.

निकष

निरोगी व्यक्तीची उपाशीपोटीची साखर साधारणतः प्रति डेसिलिटर ७० ते १०० मिलिग्रॅम असते. मधुमेही व्यक्तीमध्ये ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी पातळी ही सावधगिरीची पातळी मानली जाते. ५४ मिलिग्रॅमपेक्षा कमी पातळी गंभीर समजली जाते. आकडा कोणताही असो, रुग्णाला सावरण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीची मदत घ्यावी लागली तर तो प्रसंग तीव्र स्वरूपाचा धरला जातो.

मधुमेह नसलेल्या व्यक्तीमध्ये केवळ थकवा किंवा भोवळ यावरून निदान केले जात नाही. अमेरिकन शल्यचिकित्सक अॅलन व्हिपल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीन निकषांची पूर्तता व्हावी लागते: साखर कमी असण्याशी सुसंगत लक्षणे, त्याच वेळी रक्तातील साखर प्रत्यक्ष कमी असल्याचा पुरावा आणि साखर पूर्ववत होताच लक्षणांचे शमन.

लक्षणे

लक्षणांचे दोन गट पडतात. पहिला गट शरीराने दिलेल्या इशाऱ्याचा असतो: घाम फुटणे, हातपाय थरथरणे, छातीत धडधडणे, अस्वस्थता आणि एकाएकी कडकडून भूक लागणे. दुसरा गट मेंदूला ग्लुकोज अपुरे पडल्यामुळे उद्भवतो: एकाग्रता ढळणे, दृष्टी अंधूक होणे, बोलणे अडखळणे, चिडचिड, असंबद्ध वर्तन, झटके आणि अखेरीस बेशुद्धी. अशा रुग्णाच्या वागण्यावरून तो मद्याच्या अमलाखाली असल्याचा गैरसमज होऊ शकतो.

रात्री साखर कमी झाल्यास घामाने कपडे भिजणे, दुःस्वप्ने पडणे आणि सकाळी डोके दुखणे अशा खुणा दिसतात. साखर वारंवार कमी होत राहिल्यास शरीराची इशारा देण्याची क्षमता बोथट होते आणि रुग्ण पूर्वसूचनेविना बेशुद्ध पडू शकतो. काही आठवडे साखर कमी होऊ न दिल्यास ही क्षमता बऱ्याच अंशी परत येऊ शकते. रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गटातील औषधांमुळे धडधड व थरथर झाकली जाते. घाम येणे मात्र कायम राहते.

कारणे

मधुमेही व्यक्तींमध्ये इन्सुलिनची जास्त मात्रा, ग्लिमेपिराइड किंवा ग्लायबेनक्लामाइड यांसारख्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या, औषध घेऊन जेवण टाळणे वा लांबवणे, नेहमीपेक्षा जास्त श्रम आणि मद्यपान ही प्रमुख कारणे आहेत. मूत्रपिंडाचे कार्य मंदावल्यास औषधाचा परिणाम लांबतो. त्यामुळे वृद्धांमध्ये विशेष दक्षता घ्यावी लागते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या व्यक्तीची साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही.

मधुमेह नसलेल्या व्यक्तींमध्ये जठरावरील शस्त्रक्रिया, यकृताचे गंभीर विकार, अधिवृक्क ग्रंथीची अकार्यक्षमता, तीव्र जंतुसंसर्ग, स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणारी गाठ व काही जन्मजात चयापचयविकार ही कारणे संभवतात. जेवणानंतर साधारणतः दोन ते चार तासांनी साखर कमी होण्याच्या प्रकारास प्रतिक्रियात्मक हायपोग्लायसेमिया म्हणतात.

तातडीचा उपचार

रुग्ण शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर ‘पंधरा-पंधरा’ हा नियम वापरला जातो. त्यानुसार १५ ग्रॅम जलद शोषली जाणारी शर्करा द्यावी, १५ मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी आणि ती ७० मिलिग्रॅमच्या खालीच असल्यास तीच मात्रा पुन्हा द्यावी. पाण्यात विरघळवलेली तीन ते चार लहान चमचे साखर, तेवढीच ग्लुकोजची पूड किंवा सुमारे अर्धा पेला फळांचा रस यांतून ही मात्रा मिळते. साखर सावरल्यानंतर पुढचे जेवण लांब असल्यास पोळी-भाजी, दूध-पोहे किंवा तत्सम अल्पोपाहार घ्यावा.

या वेळी चॉकलेट, पेढा, बर्फी किंवा आइस्क्रीम देणे योग्य नव्हे. त्यांतील स्निग्धांशामुळे शर्करेचे शोषण मंदावते. साखरविरहित शीतपेयांचा उपयोग होत नाही. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्या रुग्णांना साधी साखर किंवा गूळ पुरेसा लवकर लागू पडत नाही. त्यांना ग्लुकोजच द्यावे लागते. मधुमेह आहे म्हणून या क्षणी साखर नाकारणे ही घातक चूक ठरते.

बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात पाणी, साखर वा अन्न घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. रुग्णाला कुशीवर वळवावे आणि तत्काळ वैद्यकीय मदत मिळवावी; महाराष्ट्रात त्यासाठी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. अशा वेळी शिरेतून ग्लुकोज किंवा ग्लुकागॉनचे इंजेक्शन दिले जाते. सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्यांमुळे साखर उतरली असेल, तर ती सावरल्यानंतरही काही तासांनी पुन्हा उतरू शकते. म्हणून रुग्णावर लक्ष ठेवावे लागते.

आहाराद्वारे प्रतिबंध

प्रतिबंधक आहाराचे मुख्य सूत्र नियमितता हे आहे. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्या व्यक्तींनी जेवणाच्या वेळा सांभाळाव्यात आणि पिष्टमय पदार्थांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे. जेवण होणार नसेल तर औषधाची मात्रा कशी ठेवावी, हे वैद्यकीय सल्ल्याने आधीच निश्चित करावे.

प्रतिक्रियात्मक प्रकारात थोड्या थोड्या अंतराने लहान आहार घेणे उपयुक्त ठरते. रिकाम्या पोटी साखरेचा चहा, शीतपेये, मिठाई किंवा मैद्याची बिस्किटे घेतल्यास साखर झपाट्याने वाढते, त्या प्रमाणात इन्सुलिन स्रवते आणि नंतर साखर पुन्हा खाली येते. अशा व्यक्तीने भोवळीच्या भीतीने दिवसभर गोड खात राहिल्यास हे चक्र चालूच राहते. त्याऐवजी तंतुमय पदार्थ, प्रथिने आणि थोडे स्निग्ध पदार्थ यांची पिष्टमय पदार्थांशी जोड घातल्यास शोषण संथ होते. ज्वारी-बाजरीची भाकरी व उसळ, मूगडाळीचे धिरडे व दही, फुटाणे, शेंगदाणे, अंडी ही महाराष्ट्रातील घरगुती आहारातील सोपी उदाहरणे होत. फळाचा रस पिण्यापेक्षा फळ चावून खाणे प्रतिबंधासाठी श्रेयस्कर असते.

यकृतातील ग्लायकोजेन वापरता न येणाऱ्या काही जन्मजात विकारांत मक्याचे कच्चे पीठ पाण्यात कालवून ठरावीक अंतराने दिले जाते. ते सावकाश पचत असल्याने कित्येक तास ग्लुकोज पुरवते. आहार हाच मुख्य उपचार असल्याचे हे ठळक उदाहरण होय. अर्थात त्याची मात्रा तज्ज्ञच ठरवतात.

उपवास

एकादशी, हरतालिका, नवरात्र किंवा रमजान यांसारख्या उपवासांत मधुमेही व्यक्तीने औषधांची मात्रा न बदलता आहार वर्ज्य केल्यास साखर कमी होण्याचा धोका वाढतो. दिवसभर उपाशी राहून एकदम साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यास साखर आधी कमी व नंतर झपाट्याने जास्त होऊ शकते. उपवासात साखर मोजत राहावे आणि ती ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी झाल्यास उपवास तत्काळ सोडावा, असा वैद्यकीय सल्ला दिला जातो.

व्यायाम, झोप व मद्य

व्यायामामुळे स्नायू अधिक ग्लुकोज वापरतात आणि हा परिणाम २४ तासांपर्यंत टिकू शकतो. त्यामुळे सायंकाळी जास्त श्रम झाल्यास साखर मध्यरात्रीनंतर कमी होण्याची शक्यता असते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी व्यायामापूर्वी व झोपण्यापूर्वी साखर मोजणे आणि जवळ साखर किंवा ग्लुकोज बाळगणे हितावह असते. वाहन चालवण्यापूर्वीही हीच खबरदारी घ्यावी व लक्षणे जाणवताच वाहन थांबवावे. मद्यामुळे यकृताची नवे ग्लुकोज तयार करण्याची क्रिया दबते. म्हणून रिकाम्या पोटी मद्यपान विशेष धोकादायक असते.

बालके

नवजात बालकात ग्लायकोजेनचा साठा अल्प असतो. कमी वजनाच्या, अकाली जन्मलेल्या व मधुमेही मातेच्या बालकांना अधिक धोका असतो. जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान सुरू करणे आणि बालकाला मातेच्या त्वचेशी लगटून उबदार ठेवणे हे प्रभावी प्रतिबंधक उपाय आहेत. एक वर्षाखालील बालकास मध चाटवू नये. त्यातून बॉट्युलिझम या गंभीर आजाराचा धोका संभवतो.

बिहारमधील मुझफ्फरपूर जिल्ह्यात लिचीच्या हंगामात लहान मुलांना पहाटे झटके येऊन ती बेशुद्ध पडत. २०१४ साली भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी केलेल्या तपासणीच्या काळात दोन रुग्णालयांत ३९० रुग्ण दाखल झाले व त्यांपैकी १२२ दगावले. अनेकांच्या रक्तात साखर अत्यल्प आढळली. लिचीतील हायपोग्लायसिन-ए व तत्सम द्रव्यामुळे शरीराची नवे ग्लुकोज तयार करण्याची क्रिया अडते आणि रात्री न जेवलेल्या मुलांना त्याचा अधिक धोका असतो, असा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना लिची मर्यादित द्यावी, रात्रीचे जेवण चुकवू नये आणि आजारी मुलास त्वरित ग्लुकोज द्यावे, अशा शिफारशी करण्यात आल्या.

‘नैसर्गिक’ उपायांच्या मर्यादा

कारल्याचा रस, मेथीदाणे इत्यादी पदार्थ साखर कमी करण्याच्या हेतूने घेतले जातात. इन्सुलिन किंवा गोळ्यांसोबत ते मोठ्या प्रमाणात घेतल्यास दोहोंचा एकत्रित परिणाम होऊन साखर अवाजवी कमी होऊ शकते. २००८ साली सिंगापूरमध्ये मधुमेह नसलेल्या अनेक व्यक्तींना साखर कमी झाल्याने रुग्णालयात दाखल करावे लागले आणि त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. त्यांनी लैंगिक शक्तिवर्धक म्हणून घेतलेल्या बेकायदा उत्पादनांमध्ये ग्लायबेनक्लामाइडची भेसळ आढळली. त्यांपैकी काही उत्पादने वनौषधी म्हणून विकली जात होती.

आहार-विहारात बदल करूनही साखर पुन्हा पुन्हा कमी होणे, उपाशीपोटी किंवा पहाटे लक्षणे दिसणे, अकारण वजन घटणे किंवा एकदाही शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही घडल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. अशा रुग्णास वरचेवर खाल्ल्याने तात्पुरते बरे वाटले, तरी मूळ कारण झाकले जाऊन निदानास विलंब होऊ शकतो.