जर्नलचा अंक आलाच नाही? लायब्ररीला हे कसं कळतं

प्रोजेक्टसाठी हवा असलेला जर्नलचा नेमका तोच अंक रॅकवर नसतो. तो हरवला, की आलाच नाही? हे लायब्ररीला कसं कळतं, ते आज सोप्या भाषेत सांगतो.

बऱ्याच लायब्ररी कोहा हे मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरतात. न्यूझीलंडमधल्या एका लायब्ररीसाठी बनलेलं हे सॉफ्टवेअर २००० साली सुरू झालं. जर्नल मासिक आहे की त्रैमासिक, वर्गणी कधीपासून कधीपर्यंत, एवढं भरलं की पुढचा अंक कधी यायला हवा ते कोहा दाखवतं. अंक आला की तशी नोंद होते, नाही आला तर 'लेट' किंवा 'मिसिंग'. मग ग्रंथपाल तिथूनच एजंटला ईमेल पाठवतात. यालाच 'क्लेम' म्हणतात.

खरी मेख इथे आहे. क्लेमला सहसा मुदत असते, आणि जुने अंक प्रकाशकाकडे मोजकेच उरतात. उशीर झाला की पैसे भरूनही अंक मिळत नाही आणि वर्षाचा बांधीव खंड अपुराच राहतो.

म्हणून अंक दिसला नाही तर गप्प बसू नका. मी तर म्हणेन, लगेच ग्रंथपालांना जर्नलचं नाव, वर्ष, खंड आणि अंक क्रमांक सांगा. सोबत कव्हरवरचा आयएसएसएनही द्या, म्हणजे सारख्या नावांचा घोळ होणार नाही.

लेख तातडीने हवा असेल आणि कॉलेज सरकारी असेल, तर २०२५ पासून सुरू असलेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'बद्दलही विचारा. त्यात सुमारे १३,००० ई-जर्नल्स आहेत.