रेडिओ मॉस्को

रेडिओ मॉस्को ही सोव्हिएत संघाच्या शासनाने परदेशांतील श्रोत्यांसाठी चालविलेली आंतरराष्ट्रीय नभोवाणी सेवा होती. २९ ऑक्टोबर १९२९ रोजी जर्मन भाषेतील प्रसारणाने तिचा आरंभ झाला. शीतयुद्धाच्या काळात सत्तरहून अधिक भाषांतून, मुख्यतः लघुलहरींवरून (शॉर्टवेव्ह), तिचे कार्यक्रम जगभर ऐकू येत. १९९३ मध्ये तिचे नाव बदलून 'व्हॉइस ऑफ रशिया' असे करण्यात आले.

आरंभ आणि विस्तार

प्रारंभी जर्मन भाषेची निवड झाली ती अकारण नव्हती. त्या काळी जर्मनीत कामगार चळवळ बलवान होती आणि तेथील कामगारांपर्यंत थेट पोहोचण्याचे नभोवाणी हे प्रभावी साधन होते. वृत्तपत्रे सीमेवर अडविता येत, रेडिओलहरी अडविणे तितके सोपे नव्हते. पाठोपाठ फ्रेंच व इंग्रजी भाषांतील प्रसारण सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये जर्मन सैन्य मॉस्कोच्या जवळ येऊन ठेपले तेव्हा अनेक शासकीय कार्यालयांबरोबर नभोवाणीचे कामही व्होल्गा नदीकाठच्या कुइबिशेव्ह (आजचे समारा) येथे हलविण्यात आले. युद्धोत्तर काळात भाषांची संख्या झपाट्याने वाढली. हिंदी, उर्दू, बंगाली, तमिळ इत्यादी भारतीय भाषांचाही त्यांत समावेश होता. इंग्रजीतील जागतिक सेवा १९७८ मध्ये सुरू झाली.

प्रक्षेपण

लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर दूर पोहोचतात. मात्र दिवस-रात्र, ऋतुमान व सूर्यावरील डाग यांनुसार आयनांबराची स्थिती पालटते. म्हणून एकच कार्यक्रम एकाच वेळी अनेक कंप्रतांवरून प्रक्षेपित केला जाई व हंगामानुसार वेळापत्रक बदलले जाई. युरोपपासून पॅसिफिक महासागरापर्यंत पसरलेल्या देशाला येथे स्वाभाविक लाभ होता : पश्चिमेकडील प्रक्षेपकांवरून युरोप, तर अतिपूर्वेकडील प्रक्षेपकांवरून पॅसिफिक प्रदेश गाठता येई. अमेरिका खंडासाठी क्यूबातील प्रक्षेपकांचेही साहाय्य घेतले जाई.

कार्यक्रम

बातम्या, राजकीय भाष्ये, संगीत व रशियन भाषेचे पाठ हे कार्यक्रमांचे प्रमुख घटक होत. श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणारा 'मॉस्को मेलबॅग' हा इंग्रजी कार्यक्रम जो अडामोव्ह यांनी दीर्घकाळ सादर केला. प्रसारण कोठे व कसे ऐकू आले हे कळविणाऱ्या श्रोत्यांना केंद्राकडून सचित्र पोचपत्रे मिळत. १९७३ च्या लष्करी उठावानंतर चिलीसाठी 'एस्कुचा चिली' हा स्पॅनिश कार्यक्रम सुरू झाला. चिलीतील दडपलेल्या बातम्या त्यातून चिलीच्याच श्रोत्यांना मिळू लागल्या.

याच काळात सोव्हिएत शासन स्वतःच्या नागरिकांना परदेशी प्रसारणे ऐकू येऊ नयेत म्हणून त्यांवर खरखर निर्माण करणारे जामक प्रक्षेपक चालवीत होते. इतरांच्या देशात मुक्तपणे बोलणारी, पण आपल्या देशात इतरांना बोलू न देणारी ही विसंगती सेवेच्या विश्वासार्हतेला बाधक ठरली.

डांचेव्ह प्रकरण

अधिकृत भूमिकेनुसार सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात तेथील सरकारच्या निमंत्रणावरून गेले होते. मे १९८३ मध्ये इंग्रजी वृत्तनिवेदक व्लादिमिर डांचेव्ह यांनी मात्र बातम्या वाचताना त्या सैन्याचा उल्लेख आक्रमक असा केला. ब्रिटनमधील प्रसारण-निरीक्षकांनी तो टिपल्यावर प्रकरण जगजाहीर झाले. डांचेव्ह यांना ध्वनिक्षेपकापासून दूर करून मनोरुग्णालयात पाठविण्यात आले. काही महिन्यांनी त्यांना पुन्हा कामावर घेण्यात आले.  निवेदकाचा आवाज आणि शासनाचा आवाज यांत अंतर पडण्यास या सेवेत किती अल्प वाव होता, हे त्यावरून स्पष्ट झाले.

अखेरचा काळ

मिखाइल गोर्बाचेव्ह यांच्या खुलेपणाच्या धोरणानुसार १९८७-८८ मध्ये परदेशी प्रसारणांवरील अडथळे हटविण्यात आले. ऑगस्ट १९९१ मधील फसलेल्या उठावात क्रिमियातील फोरोस येथे गोर्बाचेव्ह नजरकैदेत असताना त्यांचे दूरध्वनी तोडलेले होते. त्या वेळी त्यांना घडामोडी कळल्या त्या बीबीसीसारख्या परदेशी नभोवाणी केंद्रांवरून. जगातील एका अत्यंत विस्तृत नभोवाणी यंत्रणेच्या राष्ट्रप्रमुखाला आपल्याच राजधानीचे वर्तमान परक्या आवाजातून ऐकावे लागले.

त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत संघाचे विघटन झाले. डिसेंबर १९९३ मध्ये रशियाचे अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांच्या आदेशाने सेवेला 'व्हॉइस ऑफ रशिया' हे नाव मिळाले. डिसेंबर २०१३ मधील आदेशानुसार ती 'रोसिया सेवोद्न्या' या सरकारी वृत्तसंस्थेत विलीन करण्याचे ठरले; २०१४ मध्ये तिचे लघुलहरींवरील प्रसारण थांबले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये 'स्पुटनिक' या नव्या सेवेने तिची जागा घेतली.