निर्वासितांचा व्यापार

१९४७ साली पंजाब व बंगाल या प्रांतांची फाळणी झाली. सिंधची मात्र झाली नाही. तो प्रांत सबंधच पाकिस्तानात गेला. त्यामुळे पंजाबी निर्वासितास पूर्व पंजाब उरला, बंगाल्यास पश्चिम बंगाल उरला. सिंधी हिंदूस मात्र स्वभाषेचा म्हणावा असा हातभर मुलूखही उरला नाही. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळली आणि आगबोटी भरभरून माणसे मुंबईच्या धक्क्यावर उतरू लागली. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच मोडत असे. म्हणजे ही मंडळी बारा वर्षांपूर्वीची आमची शेजारीच होती. आम्हांस त्याची आठवण राहिली नाही, ही गोष्ट निराळी.

कल्याणनजीक दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या लष्करी बराकींत त्यांतील पुष्कळांची सोय लावण्यात आली. १९४९ च्या ऑगस्टात गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसली व उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. एकेका बराकीत आडोसे करून अनेक बिऱ्हाडे राहत. बायका पापड लाटीत. पुरुष व पोरे ते आगगाडीच्या डब्यांतून विकीत. नफा थोडका, पण खप मोठा, असा हा हिशेब. पुढे तेथे कारखाने निघाले, आणि 'मेड इन यू. एस. ए.' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आम्ही वर्षानुवर्षे चवीने सांगत आलो. नकली माल तेथे होत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पापडाची टोपली आम्ही त्या विनोदातून सोयीस्करपणे वगळली.

सिंध्याच्या रक्तातच व्यापार आहे, असेही आम्ही म्हणतो. हे अर्धेच खरे. भाईबंद हे पिढीजात व्यापारी खरेच. हैदराबादच्या सिंधवर्की पेढ्या एकोणिसाव्या शतकातच इजिप्त-जपानपर्यंत पोचल्या होत्या. घरदार मागे राहिले तरी बाजारातली पत व नात्यागोत्याचा विश्वास त्यांस बरोबर आणता आला. परंतु आमिलांचे काय? तो दिवाणी नोकरीचा, वकिलीचा, शिक्षकीचा वर्ग. लेखणीवर जगणारा, थेट आमच्यासारखा. त्यांच्यापैकी कित्येकांस तराजू हाती घ्यावा लागला. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या अध्यापकांनी तर १९४८ सालीच मुंबईत जयहिंद कॉलेज काढले. कोणाच्या कॉलेजात जागा रिकामी होते का, याची वाट पाहत ते बसले नाहीत. त्यांच्या जागी आम्ही असतो, तर अर्ज लिहीत बसलो असतो, असे आम्हांस वाटते.