शाही नजराणा की नक्कल? एका इराणी सज्जाद्याची कहाणी

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कला संग्रहालयात सोळाव्या शतकातील एक इराणी सज्जादा, म्हणजेच नमाजाचा गालिचा, जतन केलेला आहे. एका माणसाला नमाज अदा करता यावी, एवढाच त्याचा आकार. रेशमी ताणाबाणा, त्यावर लोकरीच्या गाठींची लव आणि अधूनमधून जर. मधल्या भागात मशिदीतील मेहराबीची कमान विणलेली आहे. पवित्र वचने वरच्या अर्ध्या भागात आहेत. जेथे नमाजीचे पाय यावेत त्या खालच्या भागात मात्र नुसती फुले आणि वेली. आयझॅक फ्लेचर या उद्योगपतीच्या मृत्युपत्रान्वये १९१७ साली हा सज्जादा संग्रहालयाला मिळाला. तरीही विसाव्या शतकाचा बराच काळ त्याच्या जातकुळीच्या गालिच्यांकडे अनेक अभ्यासक तुर्की नक्कल म्हणूनच पाहत होते. विणकामात खोट नव्हती. मालकीच्या साखळीत मोठी पोकळी होती.

या गालिच्यांना जाणकार ‘सॉल्टिंग गट’ म्हणतात. जॉर्ज सॉल्टिंग यांचा जन्म १८३५ साली सिडनीत झाला. वडिलांनी ऑस्ट्रेलियात कमावलेल्या संपत्तीवर त्यांनी लंडनमध्ये आयुष्यभर कलावस्तू जमवल्या. १९०९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी संग्रहाचा मोठा भाग व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात दाखल झाला. त्यात एक झगमगता इराणी गालिचा होता. तो सज्जादा नव्हे, पण बनावट आणि रंगसंगती तीच. त्यावरून साऱ्या गटाला सॉल्टिंग यांचे नाव पडले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या प्रकारचे गालिचे पाश्चात्य संग्राहकांच्या हाती येऊ लागले. व्यापारी सांगेल तेवढाच त्यांचा इतिहास. रंग तर असे ताजे, की तीन शतकांचे वय कुणाला पटू नये. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातही अशा सज्जाद्यांचा मोठा साठा आहे. त्यातच हेरेके येथील सरकारी कारखान्यात १८९१ पासून गालिचे विणले जाऊ लागले होते आणि इस्तंबूलच्या कुमकापी वस्तीतील आर्मेनियन कारागीर रेशीम व जर वापरून याच धर्तीचे अप्रतिम सज्जादे तयार करीत होते. जर्मन अभ्यासक कुर्ट एर्डमन यांनी १९४०च्या दशकात या साऱ्याची सांगड घातली आणि हे गालिचे इराणचे नसून एकोणिसाव्या शतकातील तुर्कस्तानचे असल्याचे मत मांडले. त्यांच्या नावाचा दबदबा मोठा होता. मत रुजले, आणि अस्सल वस्तू नकलेच्या रांगेत जाऊन बसली.

यातील गंमत अशी, की कुमकापीच्या कारागिरांनी सुलतानांच्या संग्रहातील जुने सज्जादेच नमुना म्हणून वापरले होते. नकला उत्तम साधल्या, आणि त्याची शिक्षा मूळ वस्तूंना झाली.

पुढे रंगांच्या रासायनिक तपासणीने चित्र पालटू लागले. कृत्रिम रंगांचा इतिहास विल्यम पर्किन यांनी १८५६ साली डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग बनवला तेव्हापासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विणलेल्या गालिच्यात असे रंग सापडण्याची शक्यता मोठी. या गटात तपासलेल्या गालिच्यांत मात्र पारंपरिक नैसर्गिक रंग आढळले. (मेट्रोपॉलिटनला सज्जादा देणाऱ्या फ्लेचर यांचा पैसा डांबराच्याच धंद्यातला होता, हा केवळ योगायोग.) १९८०च्या दशकापासून मायकेल फ्रान्सिस आदी अभ्यासकांनी तोपकापीतील नग आणि बाहेर गेलेले नग शेजारी ठेवून गाठी, धागे व मजकूर पुन्हा तपासले. आज बहुसंख्य तज्ज्ञ हा गट सफवी काळातील इराणचाच मानतात.

इराणचा माल सुलतानांच्या कोठारात पोहोचला कसा, याचे उत्तर राजनैतिक व्यवहारात शोधले जाते. १५५५च्या अमास्या तहानंतर इराणचे सफवी आणि तुर्कस्तानचे उस्मानी यांच्यात शांतता होती. दुसरा सलीम गादीवर आल्यावर शाह तहमास्पने पाठवलेले शिष्टमंडळ १५६८ साली एदिर्ने येथे दाखल झाले. नजराण्यात गालिचे होते आणि शाहनाम्याची जगप्रसिद्ध सचित्र प्रतही होती. या ग्रंथाचा पुढील प्रवास बराचसा ज्ञात आहे: विसाव्या शतकाच्या आरंभी रॉथ्सचाइल्ड घराण्याकडे, १९५९ मध्ये अमेरिकेतील आर्थर हॉटन यांच्याकडे. त्यांनी पाने सुटी केली, त्यातील ७८ मेट्रोपॉलिटनला दिली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९९४ मध्ये उरलेला ग्रंथ एका आधुनिक चित्राच्या बदल्यात इराणला परत गेला. ग्रंथाला असे नशीब लाभले. गालिच्यांची नोंद ‘गालिचे’ एवढ्यावरच भागवली गेली. त्यामुळे हे सज्जादे याच भेटीतले, की १५७६ साली तिसऱ्या मुरादकडे आलेल्या शिष्टमंडळाबरोबरचे, यावर मतभेद आहेत.

ताज्या रंगांचे कोडेही कदाचित येथेच सुटते. तोपकापीतील काही सज्जाद्यांवर शियापंथीय मजकूर विणलेला आहे. सुन्नी सुलतानाच्या दरबारात असा सज्जादा नमाजासाठी अंथरला जाणे अवघडच होते. शाहचा नजराणा म्हणून तो टाकून देणेही शक्य नव्हते. घडी घालून कोठारात ठेवलेल्या गालिच्यांना मग ना पायांचा स्पर्श झाला, ना उन्हाचा.