चांगला कबाब कुठे मिळतो?

रमजान सुरू झाला की ऑफिसात एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "अरे, चांगला कबाब कुठे मिळतो?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला मोहम्मद अली रोडवर जायचे असते आणि मी मुसलमान असल्यामुळे कबाबाचे ज्ञान मला जन्मतःच मिळाले असणार, असे तो धरून चालतो. मीही जाणकाराचा आव आणून दोन-चार नावे सांगून मोकळा होतो. खरी गोष्ट अशी की वयाच्या बाविसाव्या वर्षी मुंबईत येईपर्यंत मी सीख कबाब पाहिलासुद्धा नव्हता.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले, घराणे मुलाण्याचे. गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदार. मशिदीची, पिराची दिवाबत्ती करायची आणि जत्रेला, लग्नाला, नवसाला बकरे हलाल करून द्यायचे. मराठ्यांच्या घरचे बकरेसुद्धा मुलाण्यानेच कापायचे असा रिवाज होता. त्याबद्दल धान्य आणि बकऱ्यातला ठरलेला वाटा मिळे. म्हणजे मांसाशी आमचा संबंध पिढीजात. पण घरात शिजायचा तो रस्साच. कांदा-खोबरे भाजून पाट्यावर वाटलेले, वर लाल तर्री आणि सोबत ज्वारीची भाकरी. शेजारच्या पाटलांच्या घरी जो रस्सा, तोच आमच्याकडे. दादीला कबाब हा शब्द माहीत होता, तो हिंदी सिनेमामुळे. कोकणातल्या मुसलमान घरात गेलात तर मासे, तांदळाची भाकरी आणि सांदण. औरंगाबादेत नान-खलिया. 'मुसलमान म्हणजे कबाब' हे समीकरण आमच्या ताटात कधी बसलेच नाही.

मग मुंबईत हा कबाब आला कुठून? 'मोगलांनी आणला' हे उत्तर फार सोपे आहे आणि अर्धेच खरे आहे. 'कबाब' हा शब्द अरबी-फारसीतून आला, 'सीख' म्हणजे फारसीत सळई. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांच्या यादीत कबाब आहे, मापासकट. (गंमत म्हणजे खुद्द अकबर वर्षातले कितीतरी दिवस मांस वर्ज्य करत असे.) पण मोगल येण्याच्या आधीच माळव्यात मांडूच्या सुलतान गियासशाहाच्या दरबारी 'निअमतनामा' नावाचे पाककृतींचे सचित्र पुस्तक सुरू झाले होते आणि त्यात कबाब आहेत. त्याच्याही साडेतीनशे वर्षे आधी, बाराव्या शतकात, कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेला लागून. मराठी बायका कांडताना ओव्या गातात ही नोंद ज्या ग्रंथात सापडते म्हणून आपण त्याचे नाव घेतो, तोच हा ग्रंथ. त्याच्या अन्नभोगाच्या प्रकरणात मांसाचे तुकडे सळीवर ओवून निखाऱ्यावर भाजायची कृती दिलेली आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही शूलावर भाजलेल्या मांसाला 'शूल्य' असे नाव आहे.

हे वाचले तेव्हा मला आमच्या घरची बकरी ईद आठवली. कुर्बानी झाली की पहिली कलेजी निघायची. आजोबा तिचे तुकडे तारेत ओवायचे, मिठाचे पाणी लावायचे आणि चुलीतल्या निखाऱ्यावर धरायचे. आम्ही पोरे भोवती बसून राहायचो. त्या पदार्थाला आमच्याकडे नाव नव्हते. 'भाजलेली कलेजी' एवढेच.

तेव्हा विस्तवावर मांस भाजायला कोणाच्या स्वारीची गरज नव्हती. बाहेरून आली ती रीत. मांसाचा खिमा करायचा, त्यात चरबी आणि मसाला मळायचा आणि सळईवर हाताने थापायचा. त्यातही एक गोष्ट ना अरबी आहे ना मोगली. खिमा मऊ पडावा म्हणून त्यात वाटून घालतात ती कच्ची पपई. पपई अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळात ती आपल्याकडे पोचली. हिरवी मिरचीही तशीच आलेली. 'अस्सल शाही' म्हणून पाटी लावलेल्या कबाबातल्या या दोन्ही वस्तू बाबराला ठाऊक नसाव्यात.

मुंबईतला सीख कबाब मात्र दरबारातून आला नाही. तो मागवाल्यांच्या मागे आला. एकोणिसाव्या शतकात विलायती कापडाने उत्तर भारतातल्या विणकरांचे माग बंद पाडले, त्यात 1857ची धरपकड झाली. आझमगढ, मऊ, बनारस भागातले मोमीन विणकर दक्षिणेकडे सरकले. काही मालेगावात थांबले, काही भिवंडीत, काही मुंबईत मदनपुऱ्यात. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्यातले पुष्कळ जण साच्यांवर गेले. बायकामुले गावी, इथे खोलीत आठ-दहा पुरुष. अशा माणसाला रात्रपाळी सुटल्यावर दोन रोट्यांबरोबर काहीतरी गरम, तिखट आणि स्वस्त हवे असते. कबाबाची गाडी ही त्याची खानावळ होती.

स्वस्त कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. सीख कबाब हा चिवट मांसाचा इलाज आहे. कोवळ्या बकऱ्याच्या मांसाला एवढा खटाटोप लागत नाही. उतारवयाच्या जनावराची मान, मांडीचा घट्ट भाग, सुटे तुकडे, हे सगळे दोनदा कुटायचे, वरून चरबी मिसळायची, पपई लावून ठेवायचे. कोळशावर चरबी वितळते, ठिबकते, धूर होतो आणि तो धूर परत मांसाला लागतो. सगळी चव त्या धुरात. आणि हे जनावर यायचे कुठून? आमच्याकडूनच. 1976च्या राज्याच्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी होती, पण कामाचा राहिला नाही असा दाखला मिळालेला बैल कापता येत होता. देशावरचा शेतकरी थकलेला बैल आठवडी बाजारात विकायचा, त्यात थोडी भर घालून तरणा घ्यायचा. थकलेला व्यापाऱ्याच्या हातून देवनारला जायचा. मदनपुऱ्यातल्या विणकराच्या रोटीवरचा कबाब असा सातारा-सांगलीच्या शेतातून आलेला असायचा. माझ्या गावाचा आणि कबाबाचा काहीच संबंध नाही असे मी वर म्हटले, ते तितकेसे खरे नाही.

नागपाड्याचा उल्लेख आला की मंटोचे नाव निघतेच. त्याची 'मम्मद भाई' ही कथा इथल्याच अरब गल्ली-फारस रोडची. 1948मध्ये तो लाहोरला गेला. इथल्या एका जुन्या इराणी हॉटेलात कबाब खाताना 'मंटो इथेच बसायचा' असे वाढपी अजून सांगतो. मी त्याला टेबल कोणते हे विचारत नाही. कुलाब्याची गोष्ट निराळी. ताजमहाल हॉटेलच्या मागे टुलक रोडवर 1946 साली मोहम्मद यासीन यांनी 'बडेमियाँ' सुरू केले. तिथले गिऱ्हाईक म्हणजे बंदरावरचे खलाशी आणि पुढे रात्री गाडीतून येणारे शौकीन. तो कबाब रुमाली रोटीत गुंडाळून गाडीच्या बॉनेटवर ठेवून खायचा. चांगला असतो. पण त्याचा आणि रात्रपाळीचा संबंध नाही.

मला कबाब शिकवला तो मदनपुऱ्यातल्या एका गल्लीतल्या चाचांनी. मऊकडचे होते, बाप गिरणीत, स्वतःही 1982च्या संपापर्यंत गिरणीत. संप मोडला, गिरणी गेली, तेव्हा त्यांनी ही गाडी लावली. मी समोरच्या खोलीत पाच वर्षे राहिलो. त्यांचे म्हणणे, कबाब बघायचा नाही, विस्तव बघायचा. गाडी लागल्या लागल्या जाणारा गिऱ्हाईक अडाणी. कोळशावर राखेची पांढरी साय चढू दे, ज्वाळ बसू दे, मग मागा. ज्वाळेवर कबाब वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. लालभडक कबाब दिसला की समजायचे, रंगाखाली काहीतरी झाकले आहे. खिमा सीखेवर चढवताना शेजारच्या पाण्याच्या वाडग्यात हात बुडतो की नाही ते बघायचे. कोरड्या हाताने थापला तर तो तडकतो. बेसन जास्त पडले तर तो भज्यासारखा लागतो. पपई जास्त झाली तर जिभेवर नुसता लगदा. आणि सगळ्यांत शेवटची परीक्षा म्हणजे रोटीने धरून ओढल्यावर कबाब सीखेवरून अख्खा सुटला पाहिजे आणि दातांखाली थोडासा तरी विरोध केला पाहिजे. दात नसलेल्या नवाबासाठी केलेला लखनौचा गलावटी वेगळा. चाचा त्याला आजाऱ्याचा कबाब म्हणायचे. लखनौकर मला माफ करोत.

मार्च 2015मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीनंतर राज्यात 1995ची दुरुस्ती लागू झाली. गाईबरोबर बैल आणि वळूही आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, दंड दहा हजारांपर्यंत. पुढच्या वर्षी मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, राज्याबाहेरून आणलेले मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. म्हैस आणि रेडा बंदीबाहेर राहिले. वर्तमानपत्रांत हे सगळे धर्माच्या आणि राजकारणाच्या पानावर होते. गल्लीत ते खिमा आणि सीख यांच्यात होते. चाचांनी रेड्याचे मांस घेतले. ते जास्त गडद, चरबी पांढरी, कोळशावर वेगळी वितळते. पहिल्या आठवड्यात त्यांचे कबाब सीखेवरून निखाऱ्यात पडत होते. "पकडता नहीं है," एवढेच ते म्हणायचे. हळूहळू जमले. पण भाव चढत गेला. गाडी अडवणाऱ्यांना गाय आणि म्हैस यांत फरक करायचाच असतो असे नाही, त्यामुळे माल कधी यायचा, कधी नाही. एक दिवस त्यांनी चिकन सुरू केले. चिकनच्या कबाबाला ते स्वतः हात लावत नसत, पोराला करायला सांगत. वर्षभरात गाडी बंद झाली आणि ते गावी गेले. देशावर शेतकऱ्याचा थकलेला बैलही दावणीलाच राहिला, किंवा रस्त्यावर आला.

आता माझ्याबद्दल. ऑफिसातल्या मंडळींना मी आजवर जी दोन-चार नावे सांगत आलो, ती सगळी मटण आणि चिकनवाल्यांची. स्वतः खातो ती जागा कधीच सांगितली नाही. तिथे 'बडे का' मिळते. ते म्हशीचे असते, कायद्याने चालते. तरी 2015नंतर ते दोन शब्द ऑफिसात तोंडातून काढायला जीभ वळत नव्हती. कोण कसे ऐकेल, कोण पुढे काय म्हणून सांगेल, कशाला ती भानगड. त्यामुळे चांगला कबाब कुठे मिळतो या प्रश्नाचे उत्तर मी कित्येक वर्षे जाणूनबुजून चुकीचे देत होतो.

यंदा कोल्हापूरच्या एका सहकाऱ्याने विचारले. दहा वर्षे एकत्र डबा खाल्लेला माणूस. त्याला म्हटले, चांगला कबाब हवा असेल तर मी जातो तिथे चल, पण तिथला खरा कबाब म्हशीचा असतो. तू मटणाचा घे. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हशीचा म्हणजे म्हशीचाच ना?" मी म्हटले, "म्हशीचाच." तराबीह संपल्यावर निघालो. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. कोळसा नुकताच टाकलेला, ज्वाळ उठत होती, म्हणून मी त्याला वीस मिनिटे उभे केले आणि चाचांचे सगळे व्याख्यान त्याला ऐकवले. मटणाची सीख वेगळ्या शेगडीवर होती, भाव जवळजवळ दुप्पट. त्याने ती घेतली, मी माझी घेतली.

दोन घास खाल्ल्यावर तो माझ्या ताटलीकडे वाकला. "वास तर तुझ्याचाच चांगला येतोय," म्हणाला. खाल्ले मात्र नाही, मीही आग्रह केला नाही. निघताना त्याने गल्लीचे नाव दोनदा विचारून फोनमध्ये लिहून घेतले. त्याच्या मेहुण्याला सांगायचे होते.