राजर्षी शाहू महाराजांचे मूक आचरण आणि प्रशासनाची कार्यसंस्कृती

कोणत्याही संस्थेची कार्यसंस्कृती लेखी आदेशांइतकीच प्रमुखाच्या आचरणातून घडते. या दृष्टीने कोल्हापूर संस्थानचा इतिहास अभ्यसनीय आहे. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी शासकीय सेवेत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. १९१९ मध्ये कचेऱ्या, दवाखाने व शाळांतून अस्पृश्यांना समतेने वागविण्याचे हुकूम निघाले. तथापि, कागदोपत्री हुकूम पाळूनही पाणी, चहा व पंगत यांतील विटाळ कायम ठेवणे अधिकाऱ्यांना शक्य होते. येथेच महाराजांचे आचरण महत्त्वाचे ठरते. राजवाड्यातील सेवक गंगाराम कांबळे यांना पाण्याला स्पर्श केल्याच्या कारणावरून सवर्ण सेवकांनी मारहाण केली होती. महाराजांनी त्यांना हॉटेल काढण्यास साहाय्य केले. पुढे ते स्वतः तेथे थांबून चहा घेत आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही देववीत. त्यासाठी उपदेशाची गरज नव्हती. राजाने घेतलेला चहा सोबतच्यांना नाकारणे कठीण होते. दडपणापोटी घेतलेला चहा म्हणजे मनःपरिवर्तन नव्हे, हे खरे; परंतु विटाळ पाळणाऱ्यास राजाच्या वर्तनाचा आधार उरला नाही. हुकुमाला विश्वसनीयता लाभते ती अशा आचरणामुळेच.